हवेचा सातबारा

न्यूयॉर्कमध्ये २०१८ साली जेपी मॉर्गन या बँकेने एका रेल्वे स्टेशनच्या डोक्यावरची हवा विकत घेतली. साडेसहा लाख चौरस फुटांहून जास्त. हे स्टेशन म्हणजे १९१३ साली सुरू झालेलं ग्रँड सेंट्रल टर्मिनल. त्या हवेत, म्हणजे स्टेशनच्या वर, बँकेला काहीही बांधायचं नव्हतं. तिने ती हवा तिथून उचलली, काही रस्ते ओलांडून पार्क ॲव्हेन्यूवरच्या आपल्या जागेवर नेली आणि तिथे साठ मजली मुख्यालय उभं केलं. स्टेशन होतं तसंच राहिलं. त्याच्या घुमटाकार छताखालून आजही रोज लाखो माणसं गाड्या पकडतात.

शहरांच्या जमिनीविषयी वाचायला लागल्यापासून मला याहून चकित करणारी गोष्ट सापडलेली नाही. जमीन हलत नाही, म्हणून तर तिला आपण स्थावर म्हणतो. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, आणि बांधावरून भांडणं होतात ती बांध जागचा हलू नये म्हणूनच. पण शहरात प्रत्येक भूखंडाच्या वर आणखी एक मिळकत तरंगत असते. ती दिसत नाही, पण तिची मोजणी होते, तिला भाव असतो, तिचं प्रमाणपत्र निघतं, आणि नियमात बसत असेल तर ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. कोणत्या गल्लीत दुपारी ऊन पडेल, कोणता वाडा टिकेल, कोणत्या पुलावर गर्दी होईल, हे बऱ्याच अंशी या दुसऱ्या मिळकतीच्या हिशेबातून ठरतं.

न्यूयॉर्कमध्ये या हिशेबाला धार आली ती एका पाडकामामुळे. पेनसिल्व्हेनिया स्टेशन ही १९१० सालची भव्य इमारत मालक कंपनीने १९६३ पासून पाडायला घेतली. तिचे खांब, तिची दालनं सगळं गेलं आणि लोक हादरले. दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, शहराने वारसावास्तूंचा कायदा केला आणि एक आयोग नेमला. या आयोगाने एखाद्या इमारतीवर शिक्का मारला की मालकाला आयोगाच्या परवानगीशिवाय तिच्या बाहेरच्या रूपाला हात लावता येत नाही. ग्रँड सेंट्रलवर हा शिक्का १९६७ मध्ये बसला. पुढच्याच वर्षी मालक कंपनी मार्सेल ब्रॉयर या नामवंत वास्तुविशारदाचा आराखडा घेऊन आली: स्टेशनच्या माथ्यावर पंचावन्न मजल्यांचा मनोरा. आयोगाने नकार दिला आणि कंपनी कोर्टात गेली.

कंपनीचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. शेजारच्या प्लॉटवाल्यांना उंच बांधता येतं, आमच्या प्लॉटवरही तितकंच बांधायचा हक्क होता, तो तुम्ही सुंदर इमारतीच्या नावाखाली काढून घेता, मग भरपाई द्या, असं तिचं म्हणणं. इमारत वाचली तर फायदा सगळ्या शहराला आणि तोटा मात्र एकट्या मालकाला, हा अन्याय खराच आहे. शहराकडे या प्रश्नावर एक तोड होती. या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क जवळपासच्या दुसऱ्या प्लॉटवर नेण्याची मुभा नियमांतच होती. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. स्टेशन म्हणून ही जागा अजूनही चालते, मालकाला त्यातून उत्पन्न मिळतं, आणि हलवता येणारा हक्क ही पूर्ण भरपाई नसली तरी तिला किंमत आहे, असा त्या निकालाचा गाभा होता. त्या लढ्यात अमेरिकेच्या माजी प्रथम महिला जॅकलिन केनेडी ओनासिस उघडपणे उतरल्या होत्या, त्यामुळे तो गाजला. पण मला त्या प्रसिद्धीपेक्षा ती तोडच अधिक मोलाची वाटते. तिने सौंदर्य आणि मालकी यांच्या भांडणात तिसरी वाट काढली.

ही वाट बराच काळ अरुंद होती. हक्क न्यायचा तो लगतच्या किंवा अगदी जवळच्या प्लॉटवर, आणि तिथे घेणारा मिळेलच असं नाही. २०१७ मध्ये शहराने त्या भागाचं झोनिंग, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं याचे नियम, बदललं आणि अठ्ठ्याहत्तर ब्लॉकांच्या पट्ट्यात कुठेही वारसावास्तूची शिल्लक हवा नेण्याची सोय केली. पुढच्या वर्षी बँकेने खरेदी केली. तिने आपल्या जागेवरची जुनी बावन्न मजली इमारत त्यासाठी पाडली. ती १९६१ च्या सुमारास पुरी झालेली, आधुनिक वास्तुकलेचा नमुना म्हणून नावाजलेली, पण तिच्यावर आयोगाचा शिक्का नव्हता. म्हणजे एक इमारत वाचवणाऱ्या व्यवस्थेने दुसरी पाडणं परवडेल असं केलं. शिक्का कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, याला केवढं वजन असतं ते इथे दिसतं.

आता मूळ प्रश्न. एका प्लॉटवर किती बांधता येईल, हा आकडा मुळात ठरवायचं कुणाच्या मनात आलं? आणि का?

न्यूयॉर्कची कहाणी सहसा १९१५ पासून सांगतात. ब्रॉडवेवर एक एकराहून थोड्या लहान प्लॉटवर इक्विटेबल बिल्डिंग नावाची अडतीस मजली इमारत फुटपाथपासून सरळ वर चढली, कुठेही मागे न सरता. जमिनीच्या तीसपट चटईक्षेत्र. तिची सावली सात एकरांवर पडायची. शेजारच्या इमारतींची खालची दालनं दिवसा अंधारात गेली, त्यांची भाडी घसरली. १९१६ मध्ये शहराने संपूर्ण शहरासाठी झोनिंगचा नियम केला: ठरावीक उंचीनंतर इमारतीने रस्त्यापासून मागे सरत जायचं, आणि प्लॉटच्या फक्त चौथ्या हिश्शावर मनोरा हवा तितका उंच न्यायचा. एम्पायर स्टेट बिल्डिंग पायऱ्यापायऱ्यांनी वर का चढते, याचं उत्तर शैलीच्या पुस्तकात शोधलं तर अर्धंच मिळतं. उरलेलं १९१६ च्या नियमात आहे.

पण मुंबई त्याआधीच उजेडाचं गणित मांडून बसली होती, आणि तिला ते मांडायला भाग पाडलं मृत्यूने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे रुग्ण ओळखले. साथीने शहर रिकामं व्हायला लागलं. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांवर संशय होता. त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे पूर्व-पश्चिम रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या बाजूला नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही त्याचीच देणगी.

ट्रस्टने एक कोनही दिला: साडेत्रेसष्ट अंश. आपल्या घराच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा याहून जास्त चढी असता कामा नये. हा विचित्र आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कागद घेऊन बसलो. साडेत्रेसष्ट अंशांचा टॅन्जंट जवळजवळ नेमका दोन येतो. म्हणजे समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. चाळीतल्या तळमजल्यावरच्या बाईला चुलीपाशी आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे, हे त्रिकोणमितीने लिहून ठेवलेलं आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये यावर व्याख्यान दिलं. न्यूयॉर्कचा नियम यायला अजून चार वर्षं होती.

पुढे कोनाची जागा एका भागाकाराने घेतली. एकूण चटईक्षेत्र भागिले प्लॉटचं क्षेत्र: हा चटईक्षेत्र निर्देशांक, सगळ्यांच्या तोंडी एफएसआय. साठच्या दशकात मुंबईच्या पहिल्या विकास आराखड्याबरोबर तो आला आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बेट शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ असा स्थिरावला. हजार चौरस मीटरचा प्लॉट असेल तर बेटावर तेराशे तीस चौरस मीटर बांधा. निम्मा प्लॉट व्यापलात तर तीन मजलेही पुरे होणार नाहीत. पाचवा हिस्साच व्यापलात तर सहा मजल्यांच्या वर जाल. हा आकडा उंची सांगत नाही. तो फक्त एकूण माल सांगतो, तो उभा रचायचा की आडवा हे तुमच्यावर सोडतो.

आणि माल मोजायचा म्हटलं की काय मोजायचं नाही, हा प्रश्न लगेच येतो. मुंबईच्या नव्वदीतल्या आणि दोन हजारनंतरच्या इमारती रस्त्यावरून नीट पाहा. बऱ्याच खिडक्यांच्या बाहेर एक रुंद कट्टा पुढे आलेला दिसेल. नकाशात तो फ्लॉवर बेड, म्हणजे कुंड्यांची जागा. फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये धरत नसत. म्हणून शहरभर, बागकामाची फारशी आवड नसलेल्या घरांनाही फुलांच्या जागा मिळाल्या. पुढे खिडकी सरकवून ती जागा खोलीत घेतली की हॉल तेवढा मोठा. बाल्कनी, मोकळे कोनाडे, ड्राय एरिया, सगळ्यांची हीच गोष्ट. इमारती खांबांवर उभ्या आणि खाली गाड्या, कारण स्टिल्टही मोजत नसत. जानेवारी २०१२ मध्ये पालिकेने स्टिल्ट सोडून बाकीचं हे सगळं मोजायला घेतलं आणि बदल्यात राहत्या इमारतींना ३५ टक्के जादा क्षेत्र पैसे भरून घेण्याची मुभा दिली. त्याला फंजिबल एफएसआय म्हणतात. त्यानंतर नव्या इमारतींच्या बाहेरचे ते कट्टे दिसेनासे झाले. नियमावलीतला एक अपवाद शहराच्या चेहऱ्यावर वीस वर्षं उमटत राहतो, आणि तो खोडला की चेहरा बदलतो.

एफएसआय वाढवला की गर्दी वाढते, असं आपण धरून चालतो. इथे शिरीष पटेल यांचं ऋण मानायला हवं. नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर मांडणाऱ्या या अभियंत्याने वर्षानुवर्षं समजावून सांगितलं की एफएसआय माणसं मोजत नाही, तो फक्त फरशी मोजतो. वरळीच्या बीडीडी चाळी घ्या. १९२० च्या दशकातल्या या चाळींत एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आता पुनर्विकासात त्याच कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. तितकीच कुटुंबं, पण फरशी तिपटीहून जास्त. तीन पिढ्या एका खोलीत झोपलेल्या घरासाठी हा आकडा वाढणं म्हणजे पाय पसरायला जागा मिळणं. उलट, त्याच प्लॉटवरच्या विक्रीच्या मनोऱ्यात हजार-दीड हजार फुटांत तिघंच राहत असतील. घराच्या आतली दाटी, रस्त्यावरची दाटी आणि कागदावरचा निर्देशांक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच समजून शहराविषयी वाद घातला की कोणीच कुणाचं ऐकत नाही.

१९९१ च्या त्याच नियमावलीने मुंबईत हवेला पाय दिले. विकास हक्क हस्तांतरण, लोकांच्या भाषेत टीडीआर. तोवर पालिकेने एखाद्या प्लॉटवर शाळेचं, मैदानाचं किंवा रस्त्याचं आरक्षण टाकलं की मालकाला पैसे द्यावे लागत, आणि पैसे नसत. म्हणून प्लॉट पडून राहत, त्यावर झोपड्या येत, मैदान नकाशातच राही. नव्या नियमाने मालकाला सांगितलं: जमीन आम्हाला द्या, तिच्या बदल्यात तेवढ्या बांधकामाचं प्रमाणपत्र घ्या, आणि ते बाजारात विका. पालिकेच्या तिजोरीतून पैसा न जाता मैदान मिळालं. ही युक्ती पहिल्यांदा समजते तेव्हा मन थक्क होतं. पालिकेने दिलं काय? आकाशाचा एक तुकडा, जो तोवर कुणाचाच नव्हता.

तो उतरला कुठे, हे पाहिलं की थक्क होणं थोडं गंभीर होतं. बेट शहर आधीच दाट म्हणून टीडीआर उत्तरेकडे, उपनगरांत न्यायचा असा नियम होता. शिवाय मानखुर्दच्या एका चौरस मीटर जमिनीतून निघालेला हक्क वांद्र्यात एक चौरस मीटरच धरला जाई. मग शहाणा माणूस तो कुठे नेईल? जिथे फ्लॅट सगळ्यात महाग विकला जातो तिथेच. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले इथले बंगले आणि तीन मजली सोसायट्या एकामागून एक पडल्या आणि त्यांच्या जागी टीडीआर लोड केलेल्या इमारती चढल्या. मानखुर्दच्या जमिनीवरची हवा पार्ल्याच्या नळावर, गटारावर आणि अरुंद गल्लीवर येऊन बसली. हे दुरुस्त व्हायला २०१६ उजाडलं. आता टीडीआर रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या, दराशी बांधला आहे: स्वस्त जमिनीतून निघालेला हक्क महाग भागात नेला की क्षेत्र कमी होतं. इतकी साधी गोष्ट पंचवीस वर्षं नियमात नव्हती, याची मला आजही खंत वाटते.

वारसावास्तूंचा नियम मुंबईत १९९५ मध्ये आला. अशी नियमावली करणारं हे देशातलं पहिलं शहर. श्याम चैनानी आणि त्यांच्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने यासाठी किती चिकाटीने सरकारदरबारी खेटे घातले, हे जाणकारांना माहीत आहे. यादीत सहाशेहून जास्त वास्तू आणि परिसर. श्रेणी १ मध्ये बोरीबंदरचं स्टेशन, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय, ज्यांना जवळजवळ हात लावायचा नाही. श्रेणी २ च्या दोन पोटश्रेणी, ज्यांत आत बदल चालतात. श्रेणी ३, जिच्यात परिसराला शोभेल अशी भर घालता येते. या यादीमुळेच ओव्हल मैदानाच्या एका बाजूचं व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूचं आर्ट डेको समोरासमोर शाबूत राहिलं, आणि २०१८ मध्ये अशा ९४ इमारतींच्या त्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं.

पण २०१२ मध्ये पालिकेने आणखी साडेनऊशेच्या आसपास वास्तू आणि परिसर यादीत घालायचा प्रस्ताव आणला तेव्हा शिवाजी पार्क परिसरातल्या अनेक रहिवाशांनीच कडाडून विरोध केला. त्यांना आपला परिसर प्रिय नव्हता असं कोण म्हणेल? आपल्या कट्ट्यासाठी जीव टाकणारी ती माणसं. भीती वेगळी होती. सत्तर-ऐंशी वर्षांची इमारत, लिफ्ट नाही, गळकं छत, वरच्या मजल्यावर म्हातारे आईवडील. पुनर्विकास हाच तिच्यावरचा एकमेव परवडणारा उपाय, आणि यादीत नाव आलं की तो अडकणार. त्यांच्या डोक्यावरची हवा हीच त्यांची म्हातारपणाची पुंजी होती. ग्रँड सेंट्रलच्या मालकाला जी वाट मिळाली, तिच्यासारखी खात्रीची, सोपी वाट त्यांच्यापुढे दिसत नव्हती.

आणि दक्षिण मुंबईत वारसा नियमावलीहून मोठा शिल्पकार ठरला तो आणखी एक कायदा, भाडेनियंत्रणाचा, १९४७ चा. त्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. हजारो कुटुंबांना शहराच्या मध्यात छप्पर मिळालं ते त्याच्यामुळे. पण ज्या इमारतीचं भाडं एका चहाच्या खर्चाइतकंही येत नाही, तिची डागडुजी मालक का करेल? १९६९ पासून सरकारने उपकर घेऊन दुरुस्ती सुरू केली, म्हणून या सेसच्या इमारती. पुढे त्या पाडून नव्या बांधल्या तर जादा एफएसआय देणारा नियम, ३३(७), आला. गिरगावात, लालबागमध्ये चाळीच्या बैठकीत कान देऊन ऐका: आपली इमारत तेहतीस सातमध्ये घ्यायची, की चार चाळी मिळून तेहतीस नऊमध्ये जायचं? शाळा अर्ध्यात सोडलेली माणसं नियमावलीची कलमं तोंडपाठ सांगतात, कारण त्यात त्यांचं घर आहे.

गिरण्यांचं प्रकरण मात्र मला शांतपणे सांगता येत नाही. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या आचके देत होत्या. त्यांची जमीन सुमारे ६०० एकर, शहराच्या ऐन मध्यात. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने मोठा विचार केला: मालकाला जमीन विकसित करायची असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनींकडे सुटेसुटे तुकडे म्हणून न पाहता एकत्र आखणी करायला सांगितलं. नवे रस्ते, चौक, स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटा.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त त्या जमिनीची, जी आधीपासून मोकळी आहे. जिच्यावर शेड आहे, चिमणी आहे, खातं आहे, ती वाटणीतून बाहेर. गिरणी म्हणजे जवळजवळ सगळीच बांधलेली जागा. मोकळं ते किती असणार? सार्वजनिक वाटा आक्रसला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप कोर्टात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा बदल कायम केला. आज तिथे मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत. जिथे कामगार चाळीतून चालत पाळीला जात, तिथे आता शहराच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसं लोकलने येतात. वापर बदलला, पण स्टेशनाचे जिने गिरण्यांच्या काळाचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. त्या मृत्यूंना अनेक कारणं आहेत. पण पुलावर त्या वेळी एवढी माणसं का होती, याचं उत्तर शोधत मागे गेलं की आपण जमिनीच्या वापराच्या नियमांपाशी येऊन पोचतो.

असे बदल गुपचूप होत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. मंजूर आराखड्यात फेरफार करायचा तर त्याच्या ३७ व्या कलमाखाली सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती घ्यायला महिन्याची मुदत द्यावी लागते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात, सर्व्हे नंबरांच्या जंजाळात ती सूचना असते. आरेच्या दूध वसाहतीतली मेट्रो कारशेडची जागा ना-विकास क्षेत्रातून निघाली ती नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेने. लोकांचं आंदोलन सगळ्यात जास्त पेटलं ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, रात्रीतून झाडं तोडायला लागले तेव्हा. करवत चालायच्या दोन वर्षं आधी कागद चालला होता.

आणि कागदापाशी लोक वेळेवर पोचले तर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. गोव्यात २०११ साठीचा प्रादेशिक आराखडा हिरव्या डोंगरउतारांवर वस्तीचे रंग घेऊन आला, तेव्हा गावोगावची माणसं नकाशे पसरून आपलं शेत, आपली टेकडी शोधायला बसली, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. तिथली लढाई संपलेली नाही. २०२३ मध्ये तिथल्या नगररचना कायद्यात १७(२) हे कलम आलं आणि आराखड्यातल्या चुका सुधारण्याच्या नावाने एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलता येऊ लागला. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. मुंबईत २०१५ मध्ये नव्या आराखड्याचा मसुदा आला तेव्हा लोकांनी आपापला विभाग तपासून हजारो हरकती दिल्या. वारसावास्तू गायब, रस्ते इमारतींवरून गेलेले. त्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करायला लावला. आज लागू असलेली २०३४ पर्यंतची नियमावली त्यानंतर, २०१८ मध्ये आली.

या नियमावलीत एफएसआय रस्त्याच्या रुंदीला बांधला आहे. उपनगरात नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर १. नऊ मीटर झाला की प्रीमियम भरून आणि टीडीआर घेऊन २ पर्यंत. सत्तावीस मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर २.५. बेटावर हीच शिडी १.३३ पासून ३ पर्यंत चढते. पुनर्विकासाच्या काही योजनांना याहून जास्त मिळतो, पण पाया हा. म्हणजे उपनगरातली गल्ली नऊ मीटरला दोन बोटं कमी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारती जिथल्या तिथे अडकतात, आणि कुणी ती थोडी रुंद दाखवली की साऱ्या गल्लीची हवा दुप्पट होते. रस्तारेषा आखणाऱ्या माणसाच्या पेन्सिलीत एवढी ताकद आहे.

मुंबईत राहत असाल तर आपल्या इमारतीचा भूमापन (सीएस किंवा सीटीएस) नंबर प्रॉपर्टी कार्डावर सापडेल. त्यावरून पालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातला त्या जागेविषयीचा शेरा, शुल्क भरून कुणालाही काढता येतो; मालक असावं लागत नाही. त्यात प्लॉटचा झोन असतो, काही आरक्षण पडलं असेल तर ते असतं, वारसा यादीत असेल तर श्रेणी असते, आणि समोरच्या रस्त्याची आखलेली रुंदी असते. रुंदी आधी पाहा, आणि मग टेप घेऊन खाली उतरून रस्ता मोजा.